हायड्रॉलिक कात्री टेबल: दुरुस्तीपासून कामापर्यंतच्या नोंदी

१२ जानेवारी

घरच्या वर्कशॉपसाठी जुनं हायड्रॉलिक लिफ्ट टेबल आलं. खाली चौकट आणि चाकं, मधे कात्रीसारखे एकमेकांना छेदणारे हात, वर पत्रा. वर नेण्यासाठी पायाने मारायचं पॅडल, खाली आणण्यासाठी हँडलवर खटका. पाटीवर क्षमता ३०० किलो. मोजून घेतलं: पूर्ण खाली असताना पत्र्याची उंची २८५ मिमी, पूर्ण वर ८८५ मिमी व्हायला हवी. पत्रा ९०० × ५०० मिमी. कात्रीच्या हाताची लांबी, पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत, ८५० मिमी.

हे टेबल मला फक्त वजन उचलायला नको आहे, रोजच्या कामाला हवं आहे. रंधा मारायला एक उंची लागते, बारीक करवतकामाला दुसरी, कपाट जोडायला तिसरी. ठरावीक उंचीच्या टेबलावर यातलं एकच काम नीट होतं. बाकीची कामं होतात, पण कंबरेच्या किंवा खांद्याच्या जिवावर.

आजची अवस्था: पॅडल मारलं की वर जातं, पण ८०० च्या आसपास थांबतं. पुढे पॅडल पोकळ लागतं. वर नेऊन ठेवलं तर हळूहळू खाली बसतं. कात्रीचे हात बाजूला डुलतात. चाकं ठीक. गंज वरवरचा.

मोजल्याशिवाय काहीही उघडायचं नाही असं ठरवलं.

१३ जानेवारी

टेबल मध्यावर, म्हणजे ६०० मिमीला नेलं. वाळूच्या गोण्या आणि लाकडाचे ओंडके मिळून १२० किलो वजन पत्र्याच्या मध्यभागी ठेवलं. बाजूला मोजपट्टी उभी करून पत्र्याच्या कडेशी खूण केली.

तासाला ३० मिमी खाली.

ऐकायला ही गळती मोठी वाटते. हिशोब केला. सिलिंडरमधून बाहेर येणाऱ्या दट्ट्याचा व्यास व्हर्नियरने ४० मिमी भरला, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १२५७ चौरस मिमी. मध्यावर दट्ट्या १ मिमी सरकला की टेबल ४ मिमी हलतं, हेही मोजून पाहिलं. तेव्हा टेबल ३० मिमी बसलं याचा अर्थ दट्ट्या साडेसात मिमी आत गेला आणि सुमारे ९.४ मिली तेल निसटलं. एक थेंब ०.०५ मिली धरला तर मिनिटाला तीन थेंब. एवढ्याशा झिरपण्याने भरलेलं टेबल तासात दीड इंच नसलं तरी सव्वा इंच खाली येतं. हायड्रॉलिकमध्ये 'थोडीशी गळती' म्हणून काही सोडून देता येत नाही, ते या आकड्यावरून कळतं.

आता तेल निसटतं कुठून? वाटा मोजक्याच आहेत. दट्ट्या सिलिंडरमधून बाहेर येतो त्या तोंडातलं, म्हणजे ग्लँडमधलं सील, खाली उतरवायचा रिलीज व्हॉल्व्ह, जास्त वजन आलं तर उघडणारा ओव्हरलोड व्हॉल्व्ह आणि पंपाचे दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे छऱ्याने वाट बंद करून तेलाला एकाच दिशेने जाऊ देणारे.

ग्लँडभोवती कोरडा कागद गुंडाळून ठेवला होता. तो ओलसर झाला, पण तासाभरात नऊ मिली तेल प्यायलेला कागद असा दिसत नाही. सील जुनं झालंय हे खरं, मुख्य गळती मात्र तिथे नाही.

पंपाची परीक्षा सोपी आहे. पॅडल वर ओढणारी स्प्रिंग काढली, पॅडल पूर्ण दाबून पाय बाजूला घेतला. सिलिंडरकडच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून तेल मागे येत असेल तर ते पंपाच्या प्लंजरला (छोट्या दट्ट्याला) ढकलतं आणि पॅडल आपोआप वर उचललं जातं. अर्धा तास पॅडल जागचं हललं नाही. म्हणजे तो छरा नीट बसतोय.

उरले रिलीज आणि ओव्हरलोड. दोन्हींतली गळती आतल्या आत टाकीत जाते, बाहेर एक थेंब दिसत नाही. रोज वापरात असलेला आणि घासला जाणारा रिलीज व्हॉल्व्हच आहे, म्हणून पहिला संशय त्याच्यावर.

८०० ला थांबण्याचं कारण तेल कमी असणं. वर्षानुवर्षं ग्लँडमधून थोडं थोडं गेलं असणार.

१९ जानेवारी

आजचं काम एकच: टेकू.

सिलिंडर काढायचा तर टेबल वर असलं पाहिजे आणि सिलिंडर निघाला की टेबलाला वर धरणारं काही उरत नाही. कात्रीचे हात मिटताना मधे बोट सापडलं तर बोट राहत नाही. जॅकवर, खटक्यावर, 'मी धरतो तू काढ' यावर इथे भरवसा ठेवायचा नसतो.

टेबल खाली येताना चौकटीतल्या चॅनेलमधले रोलर बाहेरच्या टोकाकडे सरकतात. ती वाट अडवली की टेबल खाली येऊ शकत नाही. दोन्ही चॅनेलमध्ये रोलर आणि टोकाची पट्टी यांच्या मधे मापाचे भरीव लोखंडी तुकडे बसवले. शिवाय पत्रा आणि चौकट यांच्या मधे चौकोनी पाइपचे दोन उभे टेकू. मग खटका ओढून दाब पूर्ण सोडला. टेबल तुकड्यांवर टेकलं, सिलिंडर सैल पडला. पिना हाताने फिरायला लागल्या तेव्हाच सर्क्लिप (पिना जागी धरणाऱ्या कड्या) काढल्या.

हे तुकडे बसवताना एक विचार मनात आला तो इथेच लिहून ठेवतो. हे टेकू दुरुस्तीपुरते कशाला? कामाच्या वेळीही टेबल असंच लोखंडावर टेकलेलं असावं. तेलाने उचलावं आणि बाजूला व्हावं.

२० जानेवारी

पंप आणि सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात आहेत. तेल काढलं: काळपट, थोडं दुधाळ. दुधाळपणा म्हणजे पाणी. टाकीच्या तळाला राखाडी गाळ.

पांढऱ्या कापडावर भाग निघाले त्याच क्रमाने मांडले आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचे छरे आणि स्प्रिंगा दिसायला सारख्या असतात, पण त्यांची जागा बदलली की पंप काम करत नाही. त्यामुळे प्रत्येकाला वेगळी डबी.

रिलीज व्हॉल्व्ह: खटका ओढला की एक बारीक पिन ८ मिमीच्या छऱ्याला त्याच्या बैठकीवरून ढकलते, तेल टाकीकडे वाट काढतं, टेबल उतरतं. भिंगाखाली बैठक पाहिली. गोल कडेवर एका बाजूला बारीक खड्डा आणि त्यात धातूचा कण रुतलेला. मिनिटाला तीन थेंब इथूनच जात होते.

ही बैठक मशीनवर न नेता सुधारण्याची जुनी पद्धत आहे. कण काढून बैठक रॉकेलने धुतली आणि कोरडी केली. त्याच मापाचा छरा तिच्यावर ठेवला, छऱ्यावर पितळी दांडा सरळ उभा धरला आणि हातोडीने एकच नेमका टोला दिला. कडेचं लोखंड छऱ्याच्या आकाराला दबतं आणि गोल, अखंड रेघ तयार होते. दांडा तिरका झाला तर रेघ लंबगोल होते आणि सगळं वाया जातं, त्यामुळे घाई नाही. ज्या छऱ्यावर टोला मारला तो कायमचा बाद. बसवायचा तो नवा, बेअरिंगच्या प्रतीचा.

बैठकीवर आता केसाएवढी चकचकीत रेघ पूर्ण फिरलेली दिसते.

ओव्हरलोड व्हॉल्व्हच्या स्क्रूवर कारखान्याचा रंग लावलेला आहे आणि तो तुटलेला नाही. त्याला हात लावला नाही. तो स्क्रू घट्ट केला तर टेबल जास्त वजन उचलेल असं वाटतं, प्रत्यक्षात ज्या वजनाला हात वाकतील किंवा पिन तुटेल तेही ते उचलायला जाईल.

तांब्याचे वॉशर गॅसवर लाल तापवून पाण्यात टाकले. तांबं असं मऊ होतं, पोलादाच्या उलट. मऊ वॉशर पुन्हा नीट दबतो.

२१ जानेवारी

दट्ट्यावरचा क्रोम सांभाळलेला आहे. लांबीच्या दिशेने काही बारीक ओरखडे, नख अडकत नाही असे. ८०० नंबरचा आणि मग १५०० चा पॉलिश पेपर तेलात भिजवून दट्ट्याभोवती गोल फिरवला. लांबीच्या दिशेने घासायचं नाही. त्या दिशेची प्रत्येक रेघ म्हणजे तेलाला बाहेर यायची पन्हळ.

सील मात्र गेलेलं. यू आकाराच्या छेदाचं, कधीकाळी मऊ असलेलं रबर आता वाकवलं की कडेला तडे दाखवतं. बाहेरची धूळ पुसणारी वायपर रिंग एका ठिकाणी फाटलेली. तेलात पाणी आणि गाळ आला तो तिथूनच असावा.

या यू आकाराच्या सीलचा मला फार आदर आहे. जोसेफ ब्रॅमाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. तत्त्व तर पास्कलच्या काळापासून माहीत होतं: बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, म्हणून लहान दट्ट्यावरचा थोडा जोर मोठ्या दट्ट्यावर अनेक पटींनी वाढतो. अडचण होती ती सांध्याची. भरणी सैल ठेवली तर पाणी बाहेर, आवळली तर दट्ट्या जागीच अडकतो. ब्रॅमाच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लीने चामड्याची वाटीसारखी कॉलर बसवली असं मानलं जातं. आतला दाब वाढला की वाटीच्या कडा दट्ट्यावर दाबल्या जातात, दाब गेला की सैल पडतात. जेवढी गरज तेवढाच आवळ. चामड्याच्या जागी आता रबर किंवा पॉलियुरेथेन आलं, पण माझ्या हातातलं फाटकं सील त्याच विचाराचं आहे.

म्हणून ते बसवताना दिशेला एवढं महत्त्व. यूचं उघडं तोंड दाबाकडे, तेलाच्या बाजूला. उलटं बसवलं तर दाब कडांना उघडण्याऐवजी मिटवतो आणि पहिल्याच पॅडलला तेल बाहेर.

२७ जानेवारी

नवीन सील, वायपर आणि ओ-रिंगा आल्या. सीलचं माप जुन्या सीलवरून घ्यायचं नसतं, ते फुगलेलं किंवा आकसलेलं असतं. दट्ट्याचा व्यास, खाचेचा व्यास आणि खाचेची रुंदी मोजून मागवलं.

सील कोमट तेलात ठेवून मऊ केलं. सिलिंडरच्या आट्यांवर पातळ टेप गुंडाळली, कारण आट्याची धार सीलच्या ओठाला कापते आणि ते जुळणी झाल्यावरच कळतं. लोखंडी अवजार कुठेही वापरलं नाही. बोटं आणि गोल केलेली बांबूची काडी पुरली.

२८ जानेवारी

तेल: आयएसओ व्हीजी ३२ चं खनिज हायड्रॉलिक तेल. ३२ हा आकडा ४० अंश सेल्सियसला तेलाचा पातळ-घट्टपणा किती ते सांगतो. जास्त घट्ट तेल घेतलं तर थंडीत टेबल उतरायला वेळ लावतं.

ब्रेक ऑइल इथे कधीही नाही. दिसायला तेलच, पण नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकोल प्रकारातलं असतं आणि खनिज तेलासाठीची नायट्राइल सीलं त्यात खराब होतात. ज्यांच्याकडे दोन्ही डबे शेजारी असतात त्यांनी डब्यांवर मोठ्या अक्षरात लिहावं.

तेल भरायचं ते दट्ट्या पूर्ण आत असताना. माझ्या सिलिंडरचा पल्ला १५० मिमी, म्हणजे पूर्ण वर असताना त्यात सुमारे १९० मिली तेल असतं. टेबल वर असताना टाकी काठोकाठ भरली तर खाली येताना हे सगळं तेल परत कुठे जाणार?

ठोकळा चौकटीत बसवला, पिना ग्रीस लावून घातल्या, सर्क्लिप. टेकू काढण्याआधी पॅडल मारून दाब आला का पाहिलं, मगच टेबल तेलावर घेतलं. नंतर हवा काढली: खटका उघडा ठेवून पॅडल पूर्ण पल्ल्याने मारत राहायचं, हवा टाकीत निघून जाते. मुलगी पॅडल मारत होती, मी टाकीच्या तोंडाशी बुडबुडे बघत होतो. "बाबा, आता पॅडल कडक लागतंय," ती म्हणाली तेव्हा बुडबुडेही थांबलेले होते.

वजन न ठेवता ८८५ मिमीपर्यंत सरळ वर गेलं.

पंपाचा प्लंजर १२ मिमी, पल्ला २५ मिमी. एका पॅडलला सुमारे २.८ मिली तेल, दट्ट्या सव्वादोन मिमी पुढे. पण टेबल दर पॅडलला सारखं चढत नाही. तळाशी एका पॅडलला १२ मिमी, शेवटी शेवटी ७ मिमी. आणि तळाशी पॅडल जड, वर हलकं. दोन्ही गोष्टी एकाच कारणाने. कात्री जवळजवळ आडवी असताना दट्ट्याला वजनाच्या साडेपाच पट जोर लावावा लागतो आणि त्याच प्रमाणात टेबल दट्ट्याच्या साडेपाच पट सरकतं. पूर्ण भार ३०० किलो आणि वरच्या सांगाड्याचे चाळीसेक किलो धरले तर तळाशी तेलाचा दाब १४५ बारच्या आसपास जातो.

एवढ्या दाबाखाली गळती शोधायला बोट फिरवायचं नाही. सुईसारखी बारीक धार कातडीतून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघावं.

२ फेब्रुवारी

तीच चाचणी, तेच १२० किलो, तीच ६०० ची खूण. संध्याकाळी ठेवलं. तासाभराने फरक नाही.

सकाळी ५९८.

दोन मिमी गेले म्हणजे अजून कुठेतरी झिरपतंय का? कागद कोरडा होता. वजन तसंच ठेवून दिवसभर मधूनमधून मोजलं. दुपारी उन्हाने खोली तापली आणि टेबल ५९९.५ वर परत आलं. गळलेलं तेल परत येत नसतं. हा तापमानाचा खेळ आहे. खनिज तेल दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के आकुंचन किंवा प्रसरण पावतं. मध्यावर सिलिंडरमध्ये ९५ मिलीच्या आसपास तेल, रात्रीत दहा अंशांचा उतार, म्हणजे ०.६ ते ०.७ मिली. दट्ट्याला अर्धा मिमी, टेबलाला दोन मिमी. आकडा अगदी जुळतो. मला या नोंदीचा फार आनंद झाला, कारण वजन पेलून रात्र काढलेल्या सिलिंडरमधून तेल जात नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

पण यातून दुसरी गोष्टही पक्की झाली. निर्दोष सिलिंडरवरचं टेबलही दिवसभरात दोन मिमी वर-खाली होणार. गोण्यांना फरक पडत नाही, जोडकामाला पडतो.

७ फेब्रुवारी

कात्रीचे बुश, म्हणजे पिना ज्यांत फिरतात त्या नळ्या, बदलले. मधली पिन आणि वरच्या टोकाच्या पिना ठीक, बुश अंडाकृती झालेले. नवे कांस्याचे बुश दाबून बसवले, ग्रीस निप्पलची तोंडं साफ केली. ८०० उंचीला पत्र्याचा कोपरा हाताने बाजूला ढकलला तर आधी ९ मिमी डुलत होता, आता ३. रोलर धुऊन पुन्हा घातले. रोलरच्या वाटेवर ग्रीसचा लेप लावला नाही. तिथे भुसा चिकटून दगडासारखा बसतो. नुसतं कोरडं पुसलं.

१४ फेब्रुवारी

कायमचे टेकू.

दोन्ही चॅनेलच्या टोकाला १० मिमी जाडीची पाटी वेल्ड केली. २५ मिमी चौरस भरीव सळईचे जोड-तुकडे कापले, प्रत्येक कामाच्या उंचीला एक जोडी. टेबल थोडं जास्त वर न्यायचं, दोन्ही बाजूंना तुकडे चॅनेलमध्ये ठेवायचे, वरून कडी लावायची म्हणजे धक्क्याने उडणार नाहीत, आणि खटका ओढून टेबल त्यांच्यावर टेकवायचं. त्यानंतर सिलिंडरमध्ये दाबच राहत नाही. तेल थंड होवो की गरम, उंची हलत नाही.

तुकड्यांची लांबी कात्रीच्या काटकोन त्रिकोणावरून काढली आणि मग प्रत्यक्ष बसवून कानशीने जुळवली. पत्रा ५०० मिमीला हवा तर तुकडा ७३ मिमी, ६०० ला १२८, ७०० ला २०३, ८०० ला ३०७. उंची सारख्या शंभराने वाढते, पण तुकड्यांतला फरक ५५, ७५, १०४ असा वाढत जातो. खालच्या उंचीला तुकडा एक मिमी चुकला तर टेबल दोन मिमी चुकतं. तिथे कानस जपून.

भारही तपासला. कात्री जितकी आडवी, तितका रोलर जास्त जोराने बाहेर ढकलला जातो. ३५० किलो एकूण धरून ५०० च्या उंचीला दोन्ही तुकड्यांवर मिळून सुमारे ७५० किलोचा रेटा येतो, ८०० ला तोच २८५ च्या आसपास. २५ चौरस सळईला हे काहीच नाही. काळजी टोकाच्या पाटीच्या वेल्डची, म्हणून ती दोन्ही बाजूंनी पूर्ण फिरवून भरली.

प्रत्येक जोडीला वेगळा रंग दिला आणि ठेवायला चौकटीलाच खाचा केल्या. टेकू शोधावा लागला तर तो वापरला जात नाही.

१६ फेब्रुवारी

वर लाकडी माथा: १८ मिमी प्लायचे दोन थर चिकटवून ३६ मिमी, ११०० × ६५०. वजन सतरा किलोच्या आसपास, तेवढं क्षमतेतून वजा. कडा पत्र्याबाहेर चारी बाजूंना येतात. शिकंजे लावायला ते हवंच, पण ३०० किलो हा आकडा पत्र्यावर पसरलेल्या वजनाचा आहे, बाहेर आलेल्या कडेवर टांगलेल्या वजनाचा नाही. खुंट्यांसाठी २० मिमीची छिद्रं पाडली, खाली कात्रीच्या वाटेत खुंटी येणार नाही असं बघून.

२३ फेब्रुवारी

पहिला आठवडा कामाचा.

रंधा: माथा ८३६ मिमी. हात मोकळा सोडला की मनगट माथ्यापर्यंत येतं ती माझी उंची. शरीराचा भार रंध्यावर आपोआप पडतो. फळी टेबलाच्या लांबीच्या दिशेनेच लावायची. कात्री त्या दिशेला ताठ आहे, आडव्या दिशेला अजूनही थोडी हलते. जोराच्या रंध्याच्या वेळी माथा आणि जमीन यांच्यामध्ये दोन लाकडी पाय उभे करून खाली पाचर ठोकतो. मग हलणं पूर्ण जातं आणि चाकांवरचा भारही कमी होतो.

बारीक करवत आणि पटाशी: ९१६. कोपराच्या थोडं खाली. मान न वाकवता रेघ दिसते. या एका उंचीसाठी एवढा खटाटोप सार्थकी लागला असं मला मनापासून वाटतं. सांध्याची रेघ डोळ्यांसमोर आली की हात आपोआप सरळ चालतो.

जोडणी: ५३६. कपाटाचा सांगाडा त्यावर उभा केला तरी वरची कड हाताशी येते.

१ मार्च

गोल करवतीच्या मागे फळी झेलायला हे टेबल वापरलं. करवतीचा माथा ८६८, आपला ८६६ ठेवला. झेलणारं टेबल किंचित खाली असावं, वर असेल तर फळीचं तोंड कडेला अडतं आणि पात्यात आवळतं. या उंचीसाठी ३४६ मिमीची वेगळी जोडी कापली, शेवटचा अर्धा मिमी पत्र्याची पट्टी घालून साधला. टेकूशिवाय हे जमलं नसतं. सकाळ-दुपारच्या दोन मिमीमध्येच सगळा खेळ गेला असता.

८ मार्च

१५० किलोच्या आसपासचं ड्रिल मशीन बाकावरून उतरवायचं होतं. टेबल बाकाला चिकटवलं, चाकांचे ब्रेक लावले आणि चाकांपुढे लाकडी पाचरी ठोकल्या. मशीन सरकवताना आडवा जोर टेबलालाच लागतो आणि नुसते ब्रेक घसरतात. माथा बाकाच्या पातळीपेक्षा जरा वर, कारण वजन आलं की तो थोडा बसतो. मशीन पूर्ण आल्यावर मिलिमीटरभर बसला. तेलही दाबाखाली थोडं आकुंचन पावतं, त्या हिशोबाला हे धरूनच आहे. आत हवा राहिली असती तर याहून बराच बसला असता.

मग खटका अगदी अलगद. उतरण्याचा वेग हातात असतो तो खटक्याच्या पहिल्या थोड्या हालचालीतच. उतरवताना प्रत्येकाचे पाय चौकटीबाहेर, हे मोठ्याने सांगून मगच ओढला.

१५ मार्च

अण्णांचे गुडघे दुखतात, त्यामुळे उभ्याने काम बंदच झालं होतं. आज माथा ७३६ ला टेकवला, त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. माथ्याची कड पत्र्याबाहेर येते तिथे गुडघे बऱ्यापैकी आत जातात. आधी दोन्ही बाजूंची कडी लागली आहे हे त्यांना दाखवलं. "हे खाली येणार नाही ना रे?" त्यांनी विचारलं. खटका पूर्ण ओढून धरला. टेबल जागचं हललं नाही. त्यांनी पटाशी घेतली आणि जेवणाच्या वेळेपर्यंत उठले नाहीत. लाकडाचा एक चमचा पूर्ण झाला, दुसऱ्याचा खोलगट भाग कोरून झाला.

माथ्याची पुढची कड आणखी १०० मिमी बाहेर काढली तर गुडघ्यांना जागा होईल. त्या कडेवर फक्त हलकं काम, जड वजन नाही, असं माथ्यावरच लिहावं लागेल.

२९ मार्च

तपासणी. ग्लँडचा कागद कोरडा. तेलाची पातळी जिथे होती तिथेच, रंग स्वच्छ. मधल्या पिनला ग्रीस. टोकाच्या पाट्यांचे वेल्ड वायर ब्रश मारून भिंगाने पाहिले, तडा नाही. रंगाच्या खुणांपैकी ८३६ ची जोडी सर्वांत जास्त घासलेली. खटक्याची केबल किंचित सैल झाली होती. ती अशी जुळवली की खटका सोडल्यावर तिच्यात दोन-तीन मिमी ढील राहते. केबल ताणलेली राहिली तर पिन छऱ्याला टेकून राहते आणि बैठकीवर तो पूर्ण बसत नाही. पुढची तपासणी पावसाळ्याआधी, तेव्हा वायपर रिंग आणि टाकीच्या तळाचं पाणी बघायचं.